वीस सेकंदांचा माणूस
गाझाच्या युद्धात इस्रायली सैन्य ‘लॅव्हेंडर’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा वापरतं, असं ‘+९७२’ मासिकानं एप्रिल २०२४ मध्ये गुप्तचर अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं छापलं. त्या वृत्तानुसार तिनं सुमारे ३७,००० माणसं संभाव्य हल्ल्यांसाठी संशयित ठरवली; दहातलं एक नाव चुकतं हे ठाऊक असूनही एकेका नावाला तपासणीची जेमतेम २० सेकंदं मिळत, तीही बहुतेकदा त्या नावाची व्यक्ती पुरुषच आहे ना, एवढंच बघायला. (मेथीची जुडी निवडायला आपण याहून जास्त वेळ घेतो.) ही निव्वळ माहिती ताडून पाहायची सोय, लक्ष्य अधिकारीच ठरवतात, असं सैन्याचं म्हणणं. असेलही. पण समोर आलेल्या यादीवर नुसता अंगठा उठवणाऱ्याला अधिकारी म्हणायचं की कारकून?