गरजेपोटी बांधलेल्या घरात गरज कुणाची?

आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात ‘गरजेपोटी’ हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. सिडकोने जमिनी घेतल्या, कुटुंबं वाढत गेली, गावठाणाची हद्द मात्र होती तेवढीच राहिली. मग लोकांनी जुन्या घरावर मजला चढवला, मागच्या अंगणात खोल्या काढल्या. गरजेपोटी बांधलेली ही घरं नियमित करा, ही ९५ गावांची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे आणि ती रास्त आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात याच जमिनीच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच. ज्यांची जमीन गेली त्यांना विचारल्याशिवाय नकाशा काढू नका, असं सरकारला ठणकावून सांगणारं हे गाव आहे.

म्हणूनच मला एक प्रश्न पडतो. नकाशा काढताना आम्हाला का विचारलं नाही, असं सरकारला विचारणारे आपण, घराचा नकाशा काढताना घरातल्या बाईला विचारतो का?

आमच्या घराचं काम निघालं तेव्हा कंत्राटदाराने जो नकाशा आणला, तो या भागातल्या बहुतेक घरांचा असतो तसाच होता. पुढे ऐसपैस हॉल, त्याला फॉल्स सीलिंग, दर्शनी भिंतीला टाइल्स. मग बेडरूम. सगळं बसवून झाल्यावर मागच्या कोपऱ्यात जी सात बाय आठ फुटांची जागा उरली, ते स्वयंपाकघर. त्याच्या दोन भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकलेल्या. आम्हा बायकांना प्रश्न एकच आला: ओट्याला ग्रॅनाइट काळा हवा की हिरवा?

सात बाय आठ म्हणजे साधारण ५.२ चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वयंपाकघराचं किमान क्षेत्रफळ ५ चौरस मीटर आणि किमान रुंदी १.८ मीटर आहे, म्हणजे आमचा कोपरा नियमात बसत होता. पण हे माप जेवायची जागा वेगळी असेल तेव्हाचं आहे. जेवणही तिथेच होणार असेल तर ७.५ चौरस मीटर लागतात. शिवाय किमान १ चौरस मीटरची खिडकी हवी, तीही बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडणारी. ती आमच्या नकाशात कुठेच नव्हती. शिवाय किमान म्हणजे पुरेसं नव्हे. नियम एवढंच सांगतो की याहून वाईट बांधू नका.

मॉड्युलर किचनच्या दुकानात गेलं की ‘वर्किंग ट्रँगल’ हा मंत्र ऐकायला मिळतो. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण, प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट. हा हिशेब १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रूढ झाला. त्याही आधी, १९२६ मध्ये, मार्गारेटं श्युटं-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईने जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरासाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. गंमत म्हणजे तिने तोवर स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, हे तिनेच नंतर सांगितलं. पण बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, कुठल्या कामाला किती वेळ लागतो याचा तिने अभ्यास केला. म्हणजे नकाशा काढणाऱ्याला भाकरी थापता यायलाच हवी असं नाही. पण थापणारीला विचारायला तर हवं.

आणि तिथला हिशेब जसाच्या तसा उचलूनही चालत नाही. तो त्रिकोण एकट्या बाईचा आहे. आमच्याकडे ओट्यापाशी सासूबाई, जाऊ आणि मी, तिघी एकाच वेळी असतो. म्हणून आम्ही तिघींनी आठवडाभर एका वहीत टिपणं ठेवली: कोण कुठे उभं राहतं, काय आणायला कुठे जातं, कुणाचा धक्का कुणाला लागतो. त्यातून निघालेल्या गोष्टी कुठल्याही दुकानाच्या कॅटलॉगमध्ये सापडणार नाहीत.

पहिली गोष्ट मासळीची. करंजा बंदरावरून बोंबील, कोळंबी, मांदेली घरात येते ती सिंकमध्ये साफ होत नाही. त्याला विळी घेऊन बसायला मोरी लागते, तिला नीट उतार लागतो, आणि ती मागच्या दाराशी लागते. बकरी ईदला कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे करायचे असतात, तेव्हाही हीच मोरी कामाला येते. नव्या नकाशातून मोरी सर्वांत आधी गायब होते, कारण ती ‘जुनाट’ दिसते.

दुसरी गोष्ट ओट्याच्या उंचीची. उभ्याने काम करताना ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खाली असावा. सासूबाई पाच फूट, मी पाच फूट चार इंच. आमच्यातच ओट्याचा तीनेक इंचांचा फरक पडतो. त्यात तांदळाची उकड मळायला अंगाचा भार द्यावा लागतो, त्यासाठी ओटा आणखी खाली हवा. म्हणून आम्ही ३४ इंचांचा एक आणि कोपऱ्यात ३० इंचांचा एक असे दोन ओटे मागितले. कडप्प्याची एक फळी खाली बसवायची, एवढाच त्याचा खर्च.

तिसरी गोष्ट रमजानची. सेहरीला पहाटे चारला मिक्सर लावला की भिंतीपलीकडे झोपलेली पोरं उठतात. इफ्तारला पंधरा ताटं एकाच वेळी भरायची असतात. तेव्हा शेगडीपेक्षा जास्त गरज असते ती सलग, मोकळ्या ओट्याची. महिनाभर रोज जे होतं ते ‘कधीतरी’ म्हणून सोडून देता येत नाही.

चौथी गोष्ट हवेची. बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर दिवसरात्र धूळ उडवतात, म्हणून रस्त्याकडची खिडकी बंदच राहते. खिडकी हवी ती मागच्या अंगणाकडे, शेगडीच्या जवळ, आणि वर एक्झॉस्ट पंखा. गॅस सिलिंडर ट्रॉलीच्या बंद कपाटात लपवायची फॅशन आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्या कपाटाला खालच्या बाजूने जाळी नसेल तर ते कपाट धोक्याचं आहे.

‘एवढा काय त्या स्वयंपाकघराचा बाऊ?’ असं विचारणारे भेटतात. पाहुणे हॉल बघतात, लग्नाचं बोलणं हॉलमध्ये होतं, घराची इज्जत हॉलमध्ये असते, हे त्यांचं म्हणणं. पाहुणा तासभर बसून जातो. ओट्यापाशी बाई रोजचे पाच-सहा तास उभी असते, चाळीस वर्षं. तिची कंबर आणि तिचा घाम यांना हिशेबात जागा नसेल, तर घर गरजेपोटी बांधलं असं म्हणण्यात अर्थ नाही. ते दिखाव्यापोटी बांधलेलं आहे.

आपल्या दीनदार भावांना दोन गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत मुलाचं दूध तोडण्याचा निर्णयसुद्धा आईबापांनी आपसांतल्या संमतीने आणि सल्ल्याने घ्यावा असं सांगितलं आहे. जिथे बाळाच्या दुधासाठी मशवरा लागतो, तिथे बायकोच्या ओट्यासाठी तो नको? दुसरी, हजरत आयेशा यांची बुखारीतली हदीस. पैगंबर (स.) घरात असताना काय करत, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही सुन्नत आचरायची तर पुरुषाला आत उभं राहायला जागा हवी, डबे त्याच्याही नजरेला पडतील असे हवेत. एकटीपुरतं आखलेलं स्वयंपाकघर तिला आयुष्यभर एकटीच ठेवतं.

आमचा कोपरा शेवटी नऊ बाय दहाचा झाला. हॉल तेवढा आखडला, फॉल्स सीलिंग रद्द झालं. सासऱ्यांना ते पटायला वेळ लागला, पण वहीतली टिपणं समोर ठेवल्यावर त्यांनीच कंत्राटदाराला नवा नकाशा काढायला सांगितलं.

तुमच्या घराचं काम निघणार असेल, तर टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी एक वही आणा आणि ती स्वयंपाक करणारीच्या हातात द्या. आठवडाभराने ती वही वाचा, मगच कंत्राटदाराला बोलवा.