जोडणे सोपे, सोडवणे कठीण

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, आपण कला शाखेच्या मंडळींनी त्यात डोके घालू नये, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. संगणकाच्या एका लहानशा क्रियेविषयी मी येथे लिहिणार आहे, आणि तिची भावंडे आपण मराठीच्या तासाला संधी व समास या नावांनी भेटलेलो आहोत.

ओळीने मांडलेल्या सुट्या शब्दांच्या यादीला संगणकाच्या भाषेत 'ॲरे' म्हणतात, आणि सलग अक्षरमालेला 'स्ट्रिंग'. यादीची एक स्ट्रिंग करायला पायथन, पर्ल व जावास्क्रिप्टमध्ये 'जॉइन' आणि पीएचपीमध्ये 'इम्प्लोड' अशी आज्ञा आहे. काय जोडायचे आणि मध्ये दुवा कोणता घालायचा, एवढेच तिला सांगायचे. दुवा सांगितला नाही तर जावास्क्रिप्ट आपणहून स्वल्पविराम घालते. पायथनला यादीत शब्दाऐवजी नुसता आकडा सापडला तर काम तिथेच थांबते. मला हा कडकपणा आवडतो.

पंचाईत होते ती सोडवताना. तेंदूपानांचा पुडा सोडला तर पाने पुन्हा मोजता येतात. स्ट्रिंगचे तसे नाही. दुवा म्हणून रिकामी जागा घातली आणि एखादे नावच दोन शब्दांचे असले, तर नाव कुठे संपले व आडनाव कुठे सुरू झाले, हे यंत्राला सांगता येत नाही.

आपल्या नावांचेच पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते; आधार कार्डावर पूर्ण नाव एकाच रकान्यात असते. म्हणजे आत्राम किंवा पुंगाटी आडनावाच्या मुलाचे नाव एका कागदावर आडनावाने सुरू होते आणि दुसऱ्यावर बहुधा आडनावाने संपते. माणसाला दोन्ही एकच. अक्षरन्अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला ती दोन माणसे. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना दुवा पडून मध्ये दोन जागा राहतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, यंत्राला मात्र दिसतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कारणाने परत आला, की दूरच्या पाड्यावरून एटापल्लीला येण्यात घरातल्या कुणाची तरी दिवसाची मजुरी बुडते.

१ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला. निर्णय मला मनापासून पटतो. ज्यांनी हे चार तुकडे सुटे ठेवले, त्यांना नव्या क्रमाने जोडायला एक ओळ पुरेल. ज्यांनी जोडून ठेवले, त्यांनी बसावे विग्रह करीत!

म्हणून माझे मत असे, की साठवताना नाव सुटे असावे आणि जोडणी छापण्याच्या क्षणी व्हावी. ऋग्वेदाचा संहितापाठ संधींनी जोडलेला आहे. तरी शाकल्याचा पदपाठ वेगळा जपला गेलाच. पाठकांना दोन्हींची गरज कळत होती.

आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर 'संपूर्ण नाव' म्हणून एकच लांब रेघ आहे. पुढच्या जूनपासून तिच्या जागी चार रकाने करावेत, आणि एखाद्याचा एक रकाना रिकामा राहिला तर खिडकीवर त्याला कारण विचारू नये.