सांधेरोपण, आमवात आणि आपले कर्तव्य

आमवाताचा जुना रुग्ण गुडघा वा खुबा बदलावयास जातो, तेव्हा त्याचा पांडुरोगही सोबत जातो. दीर्घकालीन दाहामुळे देहातील लोह अडकून पडते. वेदनाशामकांमुळे जठरातून रक्तही जाते. शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन कमी असल्यास पुढे रक्त चढविण्याची वेळ येण्याची शक्यता वाढते. म्हणून स्त्रियांत १२ व पुरुषांत १३ ग्रॅमखालील प्रमाण आपण आधीच हेरावे. दाह न शमविता केवळ मंडूर देऊन भागत नाही.

गुग्गुळ व लसणाचे कल्प रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात. ते शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी थांबवावेत व चालू औषधांची लेखी यादी शल्यचिकित्सकांस द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधविक्रेत्या बंधूंनीही गुग्गुळकल्प देताना शस्त्रक्रिया ठरली आहे काय, एवढे विचारावे. औषधे लपविण्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही.