प्रोजेक्ट छोटा, प्रश्न खरा!

फिजिक्सच्या प्रोजेक्टला मी ‘नॅनो’चा भारदस्त विषय घेतला होता. लॅबमध्ये उपकरणच नाही, मग काय, सीनियरची फाईल आणि कलर प्रिंटआऊट! व्हायवात सरांनी एवढंच विचारलं, "यात तू स्वतः काय मोजलंस?" माझी बोलती बंद.

मित्रांनो, १९६३ मध्ये आजच्या टांझानियात एरास्टो म्पेंबा या शाळकरी पोराला आइस्क्रीम करताना दिसलं की गरम मिश्रण थंडाच्या आधी गोठतं. सगळे हसले. डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांनी मात्र प्रयोग करून पाहिला आणि १९६९ मध्ये दोघांचा पेपर आला. पुढे २०१६ मध्ये बरिज आणि लिंडेन यांनी पुन्हा मोजलं, तर परिणाम दिसेचना! तापमान मोजायची जागा सेंटिमीटरभर वरखाली झाली तरी निकाल फिरू शकतो, हे त्यांनी दाखवलं.

म्हणजे दोन बीकर, दोन थर्मामीटर आणि मेसचा फ्रीज एवढ्यात अख्खा प्रोजेक्ट आहे. विषय ठरवताना दोनच गोष्टी बघा: आपल्या लॅबमध्ये तो वीसदा मोजता येईल का? आणि उत्तर ‘नाही’ आलं, तरी काही कळेल का? तसं आलं तर तसंच लिहा. रीडिंग ‘जुळवू’ नका. मी जुळवली होती, म्हणून सांगतोय.