धरमपेठेखालचे पाणी

धरमपेठेत एका प्लॉटवर बोअरला पाणी लागते, शेजारचा कोरडा जातो. मग दोष नारळाला! हेन्री डार्सीने १८५६ मध्ये भूजलप्रवाहाचा नियम मांडला तो वाळूवरील प्रयोगांतून. आपले पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांतून वाट काढते, आणि शहराच्या पूर्वेला तर खडकच बदलतो. तिकडे वरूड-मोर्शीचा संत्राबागायतदार अंदाजाने बोअरवर बोअर मारून कर्जात बुडतो. हे कोडे पीएच.डी.च्याच तोलाचे आहे. व्हीएनआयटी हाकेच्या अंतरावर, नीरी शहरातच. केंद्रीय भूजल मंडळाचे प्रादेशिक कार्यालयही येथेच. पण हुशार मुलाने संगणकाकडेच वळावे, हा पालकांचा हट्ट. वळू द्या की! भूजलप्रवाहाचे गणित आता संगणकावरच सुटते; फक्त त्याआधी उन्हातान्हात विहिरींची पातळी मोजत हिंडावे लागते.