मांजराची अनाथ पिल्ले : दया आणि दक्षता

सोलापूरच्या पूर्व भागातील मागांच्या कारखान्यांत सुताच्या कचऱ्याआड, किंवा जुन्या पेठांतील वाड्यांच्या माळवदांवर, भाटीच्या मरणाने अथवा हकालपट्टीने पोरकी झालेली, डोळेही न उघडलेली पिल्ले सापडावीत यात कोणास नवल वाटत नाही. आणि ती सापडली म्हणजे भोवती जमणाऱ्या मंडळींत तत्काळ दोन पक्ष पडतात, हेही तितकेच ठरलेले आहे. एक पक्ष म्हणतो, ‘ज्याची आई गेली ते जगायचे नाही, नसती उठाठेव कशाला?’ दुसरा पक्ष पिल्लू उचलून पदराआड घेतो आणि बशीभर दूध त्याच्यापुढे ठेवून कृतार्थ होतो. वरवर पाहता हे पक्ष परस्परविरोधी आहेत. परंतु पिल्लू वाचविणे हे केवळ कोवळ्या मनाचे काम आहे, या एका गोष्टीवर दोघांचे पूर्ण एकमत असते. पहिला तो कोवळेपणा हसण्यावारी नेतो, दुसरा तो मिरवितो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हे काम दयेने सुरू होत असले तरी दक्षतेने तडीस जाते, आणि ती दक्षता कोणत्याही सामान्य घराच्या आवाक्यातील आहे.

पहिल्या पक्षाची कैफियत बहुधा निसर्गाच्या नावाने दाखल झालेली असते. सृष्टिक्रमात माणसाने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व अरण्यातील श्वापदांविषयी पुष्कळ अंशी मान्य करता येईल. परंतु मांजर अरण्यातून थेट आपल्या माळवदावर उतरलेले नाही. माणसाने धान्य साठविले, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर माणसाच्या वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात मृत माणसाशेजारीच मांजर पुरलेले सापडले, इतका हा सहवास जुना आहे. अक्कलकोट रस्त्यावर मालमोटारीखाली चिरडलेल्या भाटीचे मरण हे सृष्टिक्रमाचे मरण कसे म्हणावे? तिचा बळी माणसाच्या रहदारीने घेतला. तेव्हा तिच्या पिल्लांच्या बाबतीत मात्र एकाएकी निसर्गाचा हवाला देऊन हात झटकणे, हा युक्तिवाद नसून पळवाट आहे. उपकाराचाच हिशेब मांडायचा तर तोही मांजराच्या बाजूने भरतो. १८९६ साली मुंबईत उद्भवून पुढे सोलापुरासह सर्व इलाख्यात पसरलेल्या प्लेगच्या दिवसांत, वऱ्हाडात अमरावतीस नेमणुकीवर असलेल्या अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टरने, ज्या गावांत मांजरे पुष्कळ त्या गावांत प्लेगचा उपद्रव कमी, असे निरीक्षण १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले होते. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, सबब हा उपाय निर्दोष नव्हता. तथापि ज्या प्राण्याकडे आपण संकटकाळी पहारेकरी म्हणून पाहिले, त्याच्या संततीला उपरी ठरविणे न्यायाचे नव्हे.

याच पक्षाचा एक व्यवहारी पोटभेद आहे. तो पिल्लांना मारीत नाही. पोत्यात घालून मटण मार्केटपाशी नेऊन सोडतो आणि ‘तिथे खायला मिळेल’ म्हणून मनाची समजूत घालतो. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. परंतु तेच मरण पोत्यात भरून दुसऱ्या पेठेत पोचविले म्हणजे काशीचा खर्च वाचतो, अशी सोयीची पुरवणी तिला केव्हा जोडली गेली कोण जाणे! ज्याला दात नाहीत, ज्याचे डोळे मिटलेले आहेत आणि ज्याला चार पावलेही नीट चालता येत नाहीत, ते पिल्लू मटणाच्या तुकड्याचे काय करणार? कायद्याचा फैसलाही येथे स्पष्ट आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ अन्वये, उपासमारीने वा तहानेने यातना होण्याचा संभव असेल अशा स्थितीत प्राण्यास रास्त कारणावाचून सोडून देणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधाला कायद्याने जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड ठेवला, ही कायद्याची दुर्बलता होय. तिच्यामुळे अपराध पुण्यकर्म होत नाही.

‘माणसांची पोरे उपाशी असताना मांजरांचे लाड कशाला?’ हा आक्षेप ऐकण्यास उदात्त आहे. परंतु तो घेणाऱ्याने पिल्लाला नाकारलेले दूध उपाशी पोराच्या मुखी नेऊन घातल्याचा दाखला क्वचितच मिळतो. रोगराईचा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि गर्भवती स्त्रीने त्याविषयी सावध असावे, हे खरे. पण हा संसर्ग मांजराला मुख्यतः शिकारीतून व कच्च्या मांसातून होतो, आणि विष्ठेतील त्याची बीजे रोगकारक होण्यास निदान एक दिवस लागतो. म्हणून केवळ दुधावर असलेल्या पिल्लापासून ही भीती अत्यल्प आहे; रोजच्या रोज घाण उचलावी, ते काम गर्भवतीकडे देऊ नये आणि हात धुवावेत, एवढा बंदोबस्त पुरतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू; कारण पिल्लांचा घात उदासीनांइतकाच उतावीळ दयाळूंच्या हातूनही होतो. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्या आज्या सांगत आल्या, त्यात निरीक्षण आहे. भाटी एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, अन्नासाठी काही तास दूरही जाते. अशा वेळी मागे राहिलेले पिल्लू अनाथ समजून उचलणे म्हणजे आई जिवंत असता त्याला पोरके करणे होय. पिल्ले उबदार, स्वच्छ, पोट भरलेली आणि निवांत असतील तर आई आसपास आहे असे समजावे व लांबून काही तास वाट पाहावी. ती गार पडलेली, मळलेली आणि अखंड ओरडणारी असतील तर मात्र विलंब करू नये. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूतही निराधार आहे. आई परतली तर ती बहुधा ते निमूटपणे उचलून नेते.

उतावीळ दयेची दुसरी चूक बशीतील दुधाची. गाईच्या दुधातील प्रथिने मांजरीच्या दुधातील प्रथिनांच्या निम्म्याच्या आसपास असतात, आणि त्यातील दुग्धशर्करेने पिल्लाला जुलाब लागतात. शंभर ग्रॅम वजनाच्या जिवाला एका दिवसाचे जुलाबही प्राणघातक ठरू शकतात. शेळीचे दूध काहीसे बरे, पण तेही अडीअडचणीला एखाद्या दिवसापुरते. त्यावर पिल्लाची वाढ होत नाही. मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दुधाची भुकटी हाच घरगुती संगोपनाचा खरा आधार, आणि त्याहून उत्तम म्हणजे दुसरी दुभती भाटी. ती परकी पिल्ले पुष्कळदा बिनतक्रार स्वीकारते. तिसरी चूक म्हणजे तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजणे. तसे केल्याने दूध फुप्फुसात उतरते आणि पिल्लू न्यूमोनियाने दगावते. पिल्लू पोटावर, आईच्या कुशीत असते तसेच, ठेवून थेंबाथेंबाने पाजावे.

या जिल्ह्यातील एक कथा येथे सहज आठवते. महिपतीने ‘भक्तविजया’त वर्णिलेल्या पंढरपूरच्या राका कुंभाराने अजाणता भट्टी पेटविली, आणि आत कच्च्या मडक्यात मांजराची पिल्ले आहेत हे कळताच विठ्ठलाचा धावा केला; पिल्ले जिवंत निघाली आणि राका संसारातून विरक्त झाला. कीर्तनकार या कथेतील चमत्कारावर रेंगाळतात. पण राकाने निसर्गाचे निमित्त पुढे केले नाही, आपण पेटविलेल्या आगीची जबाबदारी आपल्याच माथी घेतली, हे अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र त्या पिल्लांची आई भट्टीबाहेर जिवंत होती. आपल्यापुढील पिल्लांची आई नाही, आणि म्हणून आपले काम धाव्याने संपत नाही.

वैष्णव आचार्यांनी शरणागतीचा विचार करताना मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन न्याय मानले. माकडाचे पोर आईला स्वतः बिलगते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला उचलते. तत्त्वज्ञानाचा हा दृष्टांत प्राणिशास्त्राच्याही कसोटीला उतरतो. नवजात पिल्लू स्वतःची ऊब राखू शकत नाही, पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कापताही येत नाही, आणि त्याला मलमूत्रविसर्जनसुद्धा आईच्या जिभेच्या स्पर्शावाचून नीट होत नाही. म्हणून आईची जागा घेणाऱ्याने तिचे सोयीचे तेवढे काम उचलून भागत नाही. सगळेच उचलावे लागते.

त्या कामाचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचे पचन थांबलेले असते, त्याला पाजलेले दूध पोटात नासते. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा सुमारे ३० अंश सेल्सिअस असावी. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीच्या दिवसांतील रात्री हे साधण्यास खोक्याच्या एका अर्ध्या भागात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवावी व दुसरा अर्धा मोकळा सोडावा, म्हणजे पिल्लाला सरकता येते. उलट सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत शत्रू उष्णता असते, आणि तेथे ऊब देणे हाच अत्याचार ठरेल. अंथरुणाला आपल्या गावचा प्रसिद्ध टॉवेल घालण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्या फासांत पिल्लांची नखे अडकतात. सपाट विणीची जुनी चादर उत्तम. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावे. शंभर ग्रॅम वजनामागे एका वेळी चार-पाच मिलिलिटर पुरे. प्रत्येक पाजण्याबरोबर कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने मलमूत्राची जागा हलके पुसावी. तीन आठवड्यांपर्यंत हे चुकवू नये. रोज स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर वजन करून वहीत मांडावे. दिवसाकाठी दहा-पंधरा ग्रॅमची वाढ दिसली पाहिजे, आणि ती थांबली की पशुवैद्य गाठावा. गिरण्यांच्या भोंग्यावर आणि पाळ्यांवर ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या दिवस मोजले, त्या शहरातील कुटुंबाला रात्रीच्या पाळ्या आपसांत वाटून घेणे अशक्य आहे, हे मान्य करता येत नाही.

एक आक्षेप मात्र मजबूत आहे आणि तो खोडण्याऐवजी स्वीकारणेच प्रामाणिकपणाचे. वाचविलेले पिल्लू वर्षाच्या आत स्वतः पिल्ले घालते. मोकाट मांजरे पक्ष्यांचा संहार करतात. तेव्हा एक जीव वाचवून अनेक दुर्दशा निर्माण केल्या, असे होऊ शकते. याचे उत्तर पिल्लाला मरू देणे हे नसून, आपल्या कर्तव्याची मुदत वाढविणे हे आहे. चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्नाची सवय, पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक, दोन महिन्यांच्या सुमारास लसीकरण आणि चार-पाच महिन्यांच्या सुमारास नसबंदी, येथपर्यंत काम नेले तरच ते पुरे झाले. डोळे उघडले, पळू लागले, म्हणून रस्त्यावर सोडले, हा पोत्याचाच धडा सहा आठवडे उशिराने गिरविणे होय.

इतके करूनही काही पिल्ले मरतात. आईचे पहिले चीक-दूध ज्यांना लाभले नाही, त्यांची रोगप्रतिकारशक्ती मुळातच तोकडी असते, आणि निष्णात हातांतही ही हानी पूर्णपणे टळत नाही. म्हणून यशाची हमी मागून कोणी या कामास लागू नये. ज्याला रात्री उठणे जमणार नाही त्याने पहिल्याच दिवशी तसे स्पष्ट सांगून, जमेल अशा माणसाच्या हाती पिल्लू सोपवावे. त्यात कमीपणा काही नाही, उलट ते दयेचेच शहाणे कृत्य आहे. ज्याने ते ठेवून घेतले, त्याने मात्र ‘मला प्राण्यांचे फार वेड’ हे सांगत बसण्यापेक्षा कालचे आणि आजचे वजन सांगावे. त्याच्या भूतदयेचा पुरावा त्या दोन आकड्यांत असतो.