'रक्तहीन' क्रांती आणि तिचा ड्यूक

इंग्लंडमधील 1688 च्या सत्तापालटास 'वैभवशाली' आणि 'रक्तहीन' राज्यक्रांती म्हणण्याचा प्रघात आपल्या पाठ्यपुस्तकांनीही निमूटपणे उचलला आहे. दुसरा जेम्स पळाला, हॉलंडचा विल्यम आला, 1689 मध्ये हक्कांचा कायदा झाला. राजाच्या मनमानीला त्यामुळे लगाम बसला, हे कोणी नाकारू नये. पण तो लगाम गेला कोणाच्या हाती? टॉमस ऑस्बर्न या उमरावाचे चरित्र त्याचे उत्तर कायद्याच्या कलमांपेक्षा अधिक स्वच्छपणे देते.

हे गृहस्थ डॅन्बीचे अर्ल, दुसऱ्या चार्ल्सचे मुख्य मंत्री. पदे आणि पैसा वाटून पार्लमेंटमधील बहुमत राखण्याच्या शास्त्रातले ते आद्य आचार्य. फ्रान्सच्या राजाकडून गुप्तपणे पैसा मिळविण्याचा पत्रव्यवहार 1678 मध्ये उघडकीस आला, महाभियोग झाला आणि 1679 ते 1684 ही वर्षे लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेली. पुढे विल्यमला निमंत्रण धाडणाऱ्या सात जणांत हेच. यॉर्क शहर त्याच्यासाठी ताब्यात घेणारेही हेच. क्रांतीने त्यांना 1689 मध्ये प्रिव्ही कौन्सिलचे अध्यक्षपद दिले, मार्क्विस केले आणि 1694 मध्ये लीड्सचे ड्यूक!

याच बढतीच्या काळातील एक व्यवहार थेट आपल्या दाराशी येतो. 1668 पासून वर्षाला अवघ्या 10 पौंड खंडाने मुंबई बेट बाळगणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीला 1693 मध्ये मक्तेदारीची नवी सनद हवी होती. मार्क्सने 1853 साली 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'मधील लेखात हिशेब मांडला आहे. सत्ताधाऱ्यांना द्यावयाच्या 'नजराण्यां'वर कंपनी क्रांतीपूर्वी वर्षाला क्वचितच 1,200 पौंडांहून अधिक खर्च करी. 1693 मध्ये तो आकडा 90,000 वर गेला. पूर्वी एका दरबाराचे समाधान पुरत असे, आता पार्लमेंटचेही करावे लागले.

1695 च्या चौकशीत ड्यूकसाहेबांवर 5,000 गिनींच्या लाचेचा आरोप आला. बचाव काय, तर आपण केवळ नाणी मोजण्यापुरता आपला नोकर दिला होता! तो नोकर ऐन वेळी देशाबाहेर निसटला आणि महाभियोग लोंबकळत राहिला. त्याच वर्षी 1,000 गिनी घेतल्याबद्दल कॉमन्सने आपले सभापती सर जॉन ट्रेव्हर यांना हाकलले. स्वतःवरील दोषारोपाचा ठराव त्यांना स्वतःच मतास टाकावा लागला. ट्रेव्हर लॉर्ड नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

एक माणूस भ्रष्ट निघाला म्हणून क्रांतीला दोष कशाला, असे उदारमतवादी मित्र विचारतील. पण प्रश्न माणसाचा नाहीच. जमीनदार उमराव आणि लंडनचे धनिक व्यापारी यांनी राजाशी केलेला तो करार होता. इंग्लंडच्या बहुसंख्य शेतमजुरांना मतासाठी 1884 पर्यंत थांबावे लागले. कंपनीला सनदेसाठी क्रांतीनंतर पाच वर्षेही थांबावे लागले नाही.

ड्यूक मात्र 1699 पर्यंत अध्यक्षपदी राहिले; अधिकार आटला होता, मान शाबूत होता. 1701 मध्ये लॉर्डांच्या सभेने महाभियोग निकालात काढला. 1712 मध्ये ते वारले. त्यांची ड्यूकपदवी वारसाहक्काने 1964 पर्यंत चालली.